बेळगावहून विमानानं जायचंय? अंतर, फ्लाइटचा वेळ आणि घरातनं निघायची वेळ कशी काढायची

"बेळगाव ते बेंगळूर विमानानं किती वेळ" असं मोबाईलला विचारलं की तो सांगतो सव्वा तास. मग लोक काय करतात, साडेनऊला उतरणारं विमान बघतात, अकराची डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतात आणि साडेदहा वाजून गेले तरी देवनहळ्ळीच्या, म्हणजे बेंगळूर विमानतळाच्या, रोडवर टॅक्सीतच बसलेले असतात. इंटरव्ह्यूला जाणारी पोरं, आईवडलांना तपासणीला नेणारी माणसं, गल्फला निघालेले भाऊ, सगळ्यांचं हेच होतंय. मोबाईल खोटं बोलत नाही, तो फक्त विमानाचा वेळ सांगतो. आपल्याला पाहिजे असतो आपल्या दारापासून तिथल्या दारापर्यंतचा वेळ, आणि तो कुठंच लिहिलेला मिळत नाही, स्वतःच काढावा लागतो. खाली जसा क्रम दिलाय तसंच करा. आधी तिकीट आणि मग हिशोब असं केलं की पैसे गेल्यावर चूक कळते.

## १. आधी कागदावर चार जागा लिहा

तुमचं घर, चढायचं विमानतळ, उतरायचं विमानतळ, आणि जिथं पोचायचंय ती नेमकी जागा. नुसतं "बेंगळूर" असं लिहू नका, जयनगर की व्हाइटफील्ड की मॅजेस्टिक ते लिहा, कारण या तिन्हीला विमानतळावरनं लागणारा वेळ वेगवेगळा आहे. तसंच "बेळगाव" पण लिहू नका. टिळकवाडीतला माणूस आणि खानापुरातला माणूस दोघं बेळगावहूनच जातात, पण निघायच्या वेळेत तासाभराचा फरक पडतो.

चौथ्या जागेसमोर तिथं किती वाजता हजर व्हायचंय ते लिहा. सगळा हिशोब या वेळेपासनं उलटा मोजत यायचा आहे.

## २. हवाई अंतर मोजा, शहराचं नको, विमानतळाचं

मोबाईलवर गूगल मॅप उघडा, बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या रनवेवर बोट दाबून धरा, पिन पडली की खालचं कार्ड वर ओढा, त्यात अंतर मोजायचा पर्याय येतो. तो दाबून नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळाच्या रनवेवर न्या. खाली किलोमीटर दिसतील. हे सरळ रेषेतलं अंतर.

सांबऱ्याहून असं मोजलं तर साधारण हे आकडे येतात:

- बेंगळूर (देवनहळ्ळी): ४४५ किमी
- हैदराबाद (शमशाबाद): ४३५ किमी
- मुंबई (सहार-सांताक्रूझ): ४०५ किमी
- दिल्ली: १४३५ किमी

रस्त्यानं बेंगळूर पाचशे किमीच्या आसपास पडतं, म्हणजे हवाई अंतर पन्नास-साठ किमीनं कमी. पण विमान पण अगदी सरळ रेषेत जात नाही हे ध्यानात ठेवा. सांबऱ्याचा रनवे साधारण पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळं कधी उलट्या दिशेला उडून वळायला लागतं, वर गेल्यावर ठरलेल्या हवाई मार्गानं जावं लागतं, आणि उतरताना रांग असली की फेऱ्या. त्यामुळं प्रत्यक्षात थोडं जास्तच उडणं होतं.

सावध: काही वेबसाइट बेळगाव-बेंगळूर २७६ दाखवतात, काही २४०. दोन्ही बरोबर आहेत, पण २७६ हे साधे मैल आणि २४० हे नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. आकड्यापुढचं युनिट न बघता किमी समजून पुढचं गणित केलं की सगळंच चुकतं.

तपासा: पिन शहराच्या मधोमध टाकली होती का? बेंगळूरचं विमानतळ शहरापासनं पस्तीसेक किमी लांब आहे, तेवढा फरक तिथंच पडतो.

## ३. अंतरावरनं फ्लाइटचा वेळ काढा

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. कुठंतरी वाचलेलं असतं की विमान ताशी साडेआठशेनं जातं, मग ४४५ भागिले ८५० करतात, उत्तर येतं अर्धा तास, आणि मग तिकिटावर सव्वा तास बघून म्हणतात विमान कंपनीनं वेळ वाढवून ठेवलाय. तसं नसतं. तो वेग वर स्थिर उडतानाचा. आपल्यासारख्या जवळच्या मार्गावर विमान वर चढतंय तोवर उतरायला सुरवात होते, पूर्ण वेगानं उडणं जेमतेम होतं. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरनं हलल्यापासनं तिकडं जागेवर थांबेपर्यंतचा असतो, म्हणजे रनवेपर्यंत जाणं, उड्डाणाची वाट बघणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं सगळं त्यात धरलेलं असतं.

घरच्या घरी करायचं सोपं गणित असं:

- पंख्याचं एटीआर विमान असेल तर अंतर भागिले ५००, वर अर्धा तास.
- जेट असेल आणि अंतर पाचशे किमीच्या आत असेल तर भागिले ७००, वर अर्धा तास.
- जेट आणि लांबचं अंतर असेल तर भागिले ८००, वर चाळीस मिनिटं.

आता लावून बघा. बेंगळूर एटीआरनं त्रेपन्न मिनिटं अधिक तीस, म्हणजे एक तास वीसेक मिनिटं. जेटनं एक तास आठ-दहा मिनिटं. दिल्ली जेटनं एक तास अट्ठेचाळीस अधिक चाळीस, म्हणजे अडीच तासाच्या आत-बाहेर. मुंबई-दुबई १९३० किमी, तिथं तीन तास पाच मिनिटं येतं, तिकिटावर तीन-सव्वातीन तास दिसतो. एवढं जुळलं म्हंजे आपलं गणित बरोबर.

हे गणित कशाला करायचं, तिकिटावर लिहिलेलं असतंयच की, असं वाटेल. याचा उपयोग असा की कुठल्या साइटवर बेळगाव-हैदराबाद चार तास दहा मिनिटं दिसलं तर लगेच कळतं, हे थेट विमान नाही, मध्ये कुठंतरी थांबतंय. थेटला सव्वा-दीड तासाच्या वर लागायचं कारणच नाही.

तपासा: गणितातला वेळ आणि तिकिटावरचा वेळ यात अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक असेल तर तिकीट नीट उघडून बघा, थांबा आहे किंवा दोन देशांच्या घड्याळाचा घोळ आहे. घड्याळाचं पुढं सहाव्या टप्प्यात येतंय.

## ४. कुठल्या विमानतळावरनं जायचं ते आता ठरवा

आपल्या सीमाभागातल्या माणसाला सांबरा, हुबळी, कोल्हापूरचं उजळाईवाडी, गोव्याचं मोपा आणि गोव्याचंच दाभोळी एवढे पर्याय आहेत. नुसतं तिकिटाचे पैसे बघून निवडू नका, रस्त्याचा वेळ आणि त्या रस्त्याचा भरवसा दोन्ही बघा.

सांबरा. बेळगाव शहरापासनं दहा-अकरा किमी. गावातल्यांना, खानापूर, बैलहोंगल, गोकाककडच्यांना पहिला पर्याय हाच. विमानतळ लहान आहे, आत गेल्यावर फार चालायला लागत नाही. अडचण एकच, विमानं मोजकी आणि मार्ग बदलत राहतात. विमान कंपन्यांचं टाइमटेबल वर्षातनं दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी. शिवाय छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या उडान योजनेतल्या मार्गांना सरकारी मदत तीन वर्षांची असते, ती संपली की परवडत नाही म्हणून मार्ग बंद होतात, आपल्याकडं असे मार्ग बंद झालेले आहेत. म्हणून "गेल्या वर्षी माझा भाऊ थेट गेला होता" यावर जाऊ नका, तुमच्या तारखेला टाकून बघा. आणि आठवड्यातले कुठले वार तेही बघा, सगळी विमानं रोज नसतात.

हुबळी. बेळगावहून शंभर किमीच्या आसपास, हिरेबागेवाडी टोलवरनं सरळ हायवे, घाट नाही. दोन तास धरले तर साधारण चुकत नाही. माझं मत विचाराल तर सांबऱ्याला जमत नसेल तर दुसरा पर्याय हुबळीच, कारण तिथं पोचायच्या वेळेचा भरवसा देता येतो.

कोल्हापूर. निपाणीकरांना तर हे सांबऱ्यापेक्षा जवळ आहे, चाळीस किमीच्या आत. चिकोडी, संकेश्वर, अथणीकडच्यांनी पण दोन्ही लावून बघावं. बेळगाव गावातनं शंभर-सव्वाशे किमी पडतं, वाटेत हत्तरगी आणि कोगनोळी दोन टोल, आणि कागलच्या पुढं हायवेच्या रुंदीकरणाचं काम चालू असलं की वेळ सांगता येत नाही, म्हणून अर्धा तास जास्तीचा धरा.

मोपा आणि दाभोळी. गल्फला जाणाऱ्यांचा आणि स्वस्त तिकीट शोधणाऱ्यांचा ओढा इकडं. मोपा डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासनं चालू झालं, पेडणे तालुक्यात आहे. बेळगावहून चोर्ला घाटानं किंवा आंबोली-सावंतवाडीवरनं शंभर-सव्वाशे किमी. नकाशा अडीच तास दाखवतो, तुम्ही तीन धरा, पावसाळ्यात चार. दाभोळी वास्कोजवळ, आणखी लांब.

सावध: तिकिटावर दोन्हीकडं "गोवा" लिहिलेलं असतं. कोड बघा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाभोळी. गोव्याच्या उत्तर टोकाला एक आणि दक्षिणेकडं दुसरं, चुकीच्या ठिकाणी पोचलात तर तिथनं दुसऱ्याला गाठून विमान मिळणं अवघड. मुंबईचं पण आता तसंच झालंय. बीओएम म्हणजे जुनं सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे पनवेलकडचं नवी मुंबई. काम अंधेरीला असेल तर नवी मुंबईचं स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही.

## ५. पोचायच्या वेळेपासनं उलटं मोजत या

हा खरा टप्पा. इथं घाई करू नका, पेन घेऊन बसा.

उदाहरण घेऊ. टिळकवाडीतनं निघायचंय, बेंगळूरला जयनगरच्या हॉस्पिटलात सकाळी अकराची वेळ आहे.

- ११:०० डॉक्टर.
- १०:३० ला दारात पाहिजे, नाव नोंदवणं, फाइल काढणं असतं.
- विमानतळावरनं जयनगर चाळीस किमीच्या वर, आणि सकाळचं ट्रॅफिक. दोन तास. म्हणजे ८:३० ला टॅक्सीत बसलेलं पाहिजे.
- उतरून चालत बाहेर येणं, बेल्टवर बॅगेची वाट बघणं, टॅक्सी शोधणं, अर्धा तास. म्हणजे ८:०० ला विमान थांबलेलं पाहिजे.
- फ्लाइट सव्वा तास. म्हणजे ६:४५ ला सुटणारं विमान.
- देशातल्या विमानाचं चेक-इन काउंटर विमान सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे ५:४५. गेट सुटायच्या २५ मिनिटं आधी बंद होतं.
- काउंटरवर आयत्या वेळेला पोचायचं नाही, अर्धा तास हाताशी. म्हणजे ५:१५ ला सांबऱ्यात.
- टिळकवाडी ते सांबरा पहाटे रस्ता मोकळा असतो तरी चाळीस मिनिटं धरा. म्हणजे ४:३५ ला घर सोडायचं.

पहाटे चार पस्तीसपासनं साडेदहापर्यंत, झाले पाच तास पंचावन्न मिनिटं. त्यातलं विमान फक्त सव्वा तास.

आता साइट उघडून बघा, पावणेसातला किंवा त्याच्या आधी सांबऱ्याहून बेंगळूरला विमान आहे का. नसेल तर सकाळच्या विमानानं अकराची वेळ गाठायचा विषयच संपला, मग आदल्या संध्याकाळचं विमान धरून तिथं मुक्काम करा किंवा रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं नाहीतर स्लीपर बसनं जा. ऑगस्ट २०२५ पासनं वंदे भारत पण आहे, साडेआठ तासांच्या आसपास घेते आणि सरळ शहरात मॅजेस्टिकला सोडते, पण ती पोचते दुपारी, सकाळच्या कामाला उपयोगाची नाही. दुसऱ्या दिवशीचं काम असेल, सोबत म्हातारी माणसं असतील, सामान असेल तर मात्र मी वंदे भारतचा विचार आधी करेन, कारण विमानाचे सहा तास आणि रेल्वेचे घर ते दार नऊ-साडेनऊ तास यात वाचतात तीन-साडेतीन तास, आणि त्यासाठी चार वेळा चढउतार करायला लागते.

हेच गणित खानापूरच्या माणसानं केलं तर घर सोडायची वेळ साडेतीन-पावणेचारच्या दरम्यान येते. नंदगड, लोंढाकडचा असेल तर त्याच्याही आधी. एवढ्या पहाटे गाडी कोण देणार ते आदल्या दिवशीच ठरवावं लागतं.

सावध: दिवसाचं विमान असेल तर सांबरा रोडचं ट्रॅफिक वेगळं. "सांबऱ्याला काय, अर्धा तास बस झाला की" हे वाक्य पहाटेला ठीक, संध्याकाळी सहाला नाही. गावातला बाजार, शाळा सुटायची वेळ, गणपतीत विसर्जनाच्या दिवशी बंद केलेले रस्ते, हे सगळं धरून तासभर ठेवा.

तपासा: वेब चेक-इन केलंय म्हणून उशिरा गेलं तर चालतं असं समजताय का? हातातली बॅग तेवढीच असेल तर काउंटरला थांबावं लागत नाही, पण मोठी बॅग द्यायची असेल तर साठ मिनिटांचा नियम तुम्हालाही आहे.

## ६. तारीख आणि घड्याळ, गल्फला जाणाऱ्यांनी दोनदा वाचा

पहिली गोष्ट तारीख. १५ तारखेला ००:४० असं लिहिलं असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री विमानतळावर असायला पाहिजे. १५ च्या रात्री जेवून निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, आणि अशा तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल. मोपाहून असं ००:४० चं विमान धरलं तर परदेशासाठी तीन तास आधी म्हणजे १४ च्या रात्री ९:४० ला तिथं, घाटाचा रस्ता तीन तास, वर एक तास हाताशी, म्हणजे १४ च्या संध्याकाळी ५:४० ला बेळगाव सोडायचं. हे वाक्य असंच घरातल्या कॅलेंडरवर १४ च्या चौकोनात लिहा, १५ च्या नाही.

दुसरी गोष्ट, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. मुंबईहून सकाळी १०:०० ला सुटून दुबईला ११:४५ ला पोचतं असं दिसलं म्हणून पावणेदोन तासाचा प्रवास होत नाही. दुबई आणि मस्कत आपल्या दीड तास मागं आहेत, ते मिळवा, सव्वातीन तास. सौदी, कतार, कुवेत अडीच तास मागं. येताना उलटं, तेवढंच वजा करा. दुबईहून १०:०० ला सुटून मुंबईला १४:३० दिसलं तर साडेचार वजा दीड, तीन तास. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासनं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास, कारण ते लोक घड्याळ पुढं-मागं करतात.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का, तर वरचे वारे पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाहतात आणि हिवाळ्यात जास्त जोरात. पश्चिमेला जाताना समोरनं लागतात, येताना पाठीमागनं ढकलतात. मुंबई-लंडन ७२०० किमी दोन्ही बाजूनं तेवढंच आहे तरी जायला जास्त वेळ लागतो तो यामुळं. हवाई हद्द बंद झाली तरी वेळ वाढतो, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला. म्हणून जुन्या तिकिटावरचा वेळ नव्या प्रवासाला लावू नका.

## ७. मध्ये विमान बदलायचं असेल तर

एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, दोन्ही विमानं असतील तर सामान सहसा पुढं आपोआप जातं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीकडं असतं. वेगवेगळी दोन तिकिटं काढली असतील तर बेंगळूरला उतरून सामान घ्या, बाहेर या, परत चेक-इन करा, आणि पहिलं विमान लेट झालं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही. पाचशे-हजार वाचवायला लोक हे करतात आणि नवीन तिकीट काढायची पाळी येते.

वेगळी तिकिटंच काढायची असतील तर देशातल्या देशात किमान चार तास मध्ये ठेवा. पुढचं विमान परदेशाचं असेल तर माझं सांगणं असं, तिथवरचं पहिलं विमान त्याच दिवशीचं धरूच नका, आदल्या दिवशी जाऊन राहा. टर्मिनल पण बघा. मुंबईत टी१ आणि टी२ वेगळ्या ठिकाणी, मध्ये रस्त्यानं जावं लागतं. बेंगळूरलाही दोन आहेत. आणि मुंबईत उतरायचं बीओएमला आणि पुढचं विमान एनएमआयहून असेल तर मध्ये पस्तीस-चाळीस किमी मुंबईचं ट्रॅफिक आहे.

## ८. आदल्या दिवशी आणि निघायच्या आधी

जून ते सप्टेंबर आपल्याकडं ढग खाली येतात. सांबऱ्याला दिसत नसलं की विमान वर घिरट्या घालतं, नाहीतर दुसरीकडं नेऊन उतरवतात. पावसाळ्यात त्याच दिवशीचं महत्त्वाचं काम विमानाच्या भरवशावर ठेवू नका. चोर्ला, आंबोली, अनमोड तिन्ही घाटांत दरड किंवा दुरुस्तीमुळं रस्ता बंद होतो, आदल्या दिवशी त्या बाजूनं आलेल्या एखाद्या टॅक्सीवाल्याला विचारून घ्या, नकाशावर बंद रस्ता कधीकधी उशिरा दिसतो.

निघायच्या दोन-तीन तास आधी एक गोष्ट करा. तुमचं विमान बऱ्याचदा दुसऱ्या शहरातनं सांबऱ्याला येऊन मग परत जातं. फ्लाइट ट्रॅकिंगच्या अॅपवर तुमचा फ्लाइट नंबर टाकला की ते विमान आत्ता कुठं आहे ते दिसतं. ते तिकडनं अजून सुटलंच नसेल तर तुमचं लेट होणार हे मेसेज यायच्या आधीच कळतं. पण म्हणून घरातनं उशिरा निघायचं नाही, कंपनीनं वेळ बदलल्याचं अधिकृत कळवलं नाही तोवर काउंटर जुन्याच वेळेला बंद होतं.

परतीच्या तिकिटालाही हाच हिशोब लावा. रात्री सांबऱ्याला उतरलात तर निपाणी, चिकोडी, खानापूरकडं जायला त्या वेळेला बस मिळेलच असं नाही, न्यायला गाडी कोण आणणार ते जायच्या आधीच ठरवून ठेवा, आणि त्या माणसाला विमान उतरायची वेळ न सांगता बॅग घेऊन बाहेर यायची वेळ सांगा.